करिंथची पंगत

प्रीतीचा अध्याय, म्हणजे १ करिंथ १३, आपण लग्नात हमखास वाचतो. पण तो लिहिलाय भांडणाऱ्या मंडळीला, हे ध्यानात घ्या. इ.स. ५५ च्या सुमारास पौलाने इफिसहून हे पत्र पाठवलं. करिंथात कोणी स्वतःला पौलाचा म्हणवी, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. मूर्तीला वाहिलेलं मांस खावं का, यावरही वाद. मांस खाल्ल्याने काही बिघडत नाही, हे पौलालाही मान्य आहे. तरी दुर्बळ भावाला ठेच लागत असेल तर तो मांस सोडायला तयार आहे. मत सोडत नाही हं, मांस सोडतो.

आता अकरावा अध्याय बघा. मंडळी घरांत जमे आणि प्रभुभोजन खऱ्या जेवणासोबत होई. काही जण आपलं आणलेलं आधीच खाऊन, पिऊन झिंगत. ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. उशिरा येणारे बहुधा राबणारे, दास असावेत. (वाद झाला की आपणही आधी पंगतच वेगळी करतो, नाही का?) पौल म्हणतो, सगळे येईपर्यंत थांबायचं. ज्याला भुकेने दम निघत नाही, त्याने घरूनच खाऊन यावं.