दगड झालेले नारळ

नागपूरहून हैदराबादकडे निघालेला महामार्ग समुद्रपूर तालुक्यातल्या जामला फुटतो. सरळ गेलं की हिंगणघाट, डावीकडे वळलं की वरोरा आणि पुढे चंद्रपूर. रस्त्याचा जुना नंबर 7, आताचा 44. या मुलखातलं बालपण दिवाळी अंकांत येतं ते ठरलेल्या सामानासह: पऱ्हाटीतली वेचणी, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल, भुलाबाईची खिरापत. हे सामान खरंच असतं, शंका येते ती त्याभोवतीच्या गोडव्याची. माझं म्हणणं असं की हा गोडवा बालपणातून कमी आणि विचारण्याच्या वेळेतून जास्त येतो. आपण माणसाला त्याचं लहानपण पन्नाशी उलटल्यावर विचारतो, लहान असताना विचारत नाही.

विचारलं असतं तर काय हाती आलं असतं, हे आयर्लंडमध्ये दिसतं. तिथल्या लोकसाहित्य आयोगाने 1937 ते 1939 या काळात 26 परगण्यांतल्या प्राथमिक शाळांना कामाला लावलं. सुमारे 5,000 शाळांतल्या वरच्या वर्गांतली 50,000हून अधिक मुलं घरी जाऊन आईबापांना, आजीआजोबांना, शेजाऱ्यांना विचारत होती आणि वहीत उतरवत होती. त्यातून सुमारे 7 लाख 40 हजार पानं जमली. विषयांची पुस्तिका शिक्षकांकडे दिलेली होती: गुप्तधन, पावसापाण्याचे ठोकताळे, घरी केलेली खेळणी, पूर्वीचं जेवण, आणि एक विषय चक्क पायांची निगा. पूर्वी जोडे कितव्या वर्षी मिळत, अनवाणी कोण चालत असे, हे त्याखाली विचारायचं. तोच अनवाणी पाय म्हाताऱ्याच्या आठवणीत आला की रानावनातलं स्वातंत्र्य होतो, मुलाच्या वहीत मात्र जोड्याचा हिशेब उरतो.

त्याच 1937 साली, 22 आणि 23 ऑक्टोबरला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि सात वर्षांचं मोफत, सक्तीचं, मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफलेलं शिक्षण असा ‘नई तालीम’चा आराखडा पुढे आला. सेवाग्रामात आर्यनायकम दांपत्याने तो राबवला. मुलाच्या एका हातात टकळी आली, दुसऱ्यात पेळू. तार तुटला की पेळूचं टोक पुन्हा सुताला लावायचं, टकळीला झटका द्यायचा. गणित, भूगोल त्या सुतावरून शिकायचा. आयर्लंडने मुलांना जाणकार मानून प्रश्न विचारले, वर्ध्याने त्यांना कामकरी मानून हात दिला. उपाशी देशात दुसरी गोष्ट आधी सुचणं रास्तच होतं, म्हणून नई तालीमला मी दोष देत नाही. पण सूत विणून झालं, फाटलं; वह्या राहिल्या.

यावर पहिला आक्षेप असा की आयरिश वह्या तरी कुठे निखळ होत्या? विषय वरून आलेले, मजकूर सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवून घेतलेला, मागे नव्या राष्ट्राचा अभिमान, आणि मोठ्या शहरांतल्या बहुतेक शाळा वगळलेल्या. हे सगळं मान्य. तरी वहीतली चूक त्या सालची असते. आठवणीतल्या चुकीला साल नसतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. ‘श्यामची आई’पासून दया पवारांच्या 1978च्या ‘बलुतं’पर्यंत मराठीत बालपण लिहिलं गेलंच की! लिहिलं गेलं, आणि ‘बलुतं’ने वाड्यातल्या बालपणाचा साज उतरवला हेही खरं. मात्र दोन्ही पुस्तकं लेखक झालेल्यांची आहेत. पऱ्हाटीतच राहिलेल्या पोरीचं त्यात काय?

तिच्याकडे भुलाबाई आहे, आणि माझ्या मते आपली वही तीच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भात मुली घरोघरी जमतात, गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेला डबा कानाशी हलवून खिरापत ओळखतात: खुळखुळलं तर फुटाणे, नाही वाजलं तर शिरा. या गमतीवर प्रत्येक आठवण थांबते. गाण्यांत मात्र सासू, नणंद, माहेरी जाण्यासाठीची विनवणी भरलेली. खिरापतीच्या वयाच्या मुलीला सासूचं भय कशाला? कारण ते वय लग्नाचंही होतं. शारदा कायदा 1 एप्रिल 1930ला लागू झाला तेव्हा मुलीचं किमान वय ठरलं 14. गाणी त्याआधीच्या जगाची, आणि बालपण किती आखूड होतं ते त्यातच नोंदलेलं. तान्ह्या पोळ्याचंही तसंच. सिंदी रेल्वेचे मोठाले लाकडी नंदी बघायला आज गर्दी लोटते. पण बैल सजवून बोजारा मागत फिरणारं पोर एका अर्थी वखरामागे चालण्याची तालीमच करत होतं. ज्याच्या घरी ना बैल ना वावर, त्याच्या हातातला लाकडी बैल काय सांगत होता, ते कुणी विचारलेलं नाही.

जामपासून फार लांब नाही असं गिरड. तिथे शेख फरीदांची दर्गा आणि टेकडीभर गोल गोल खडे. भूशास्त्र त्यांना झिओलाइट म्हणतं. आख्यायिका वेगळी: फकिराची टर उडवणाऱ्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांचे नारळ आणि सगळा माल दगड झाला, त्यांनी माफी मागितली तेव्हा फकिराने सुक्या पानांतून नवा माल दिला. ही कथा छापून राहिली ती इंग्रज अंमलदारांच्या गॅझेटिअरमुळे. टेकडीवर खडे वेचणाऱ्या पोरांनी ती कशी सांगितली असती, त्यातला नारळ खोबऱ्याचा की प्रसादाचा, आणि फकिराची बाजू घेतली असती की व्यापाऱ्याची, हे गॅझेटिअरात नाही. खडे अजून तिथेच आहेत, उचलणारी पोरंही.