समुद्रातील बिऱ्हाडे

चिंचणीच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना मासळीची नावे पाठ असतात. शास्त्रज्ञ मात्र सागरी जीवांची विभागणी कुळाप्रमाणे जशी करतात, तशीच राहणीवरूनही करतात. ओढीबरोबर वाहत जाणारे ते प्लवक, ओढीविरुद्ध पोहणारे ते तरणक आणि तळाशी वा खडकाला धरून असणारे ते तलस्थ. ‘प्लँक्टन’ म्हणजे प्लवक, हा शब्द जर्मन शास्त्रज्ञ हेन्सेन याने १८८७ मध्ये रूढ केला. येथे आकाराला महत्त्व नाही. परातीएवढा जेलीफिशही प्लवकच! आमचे कोळी डोल लावतात ती याच तत्त्वावर. जाळे जागच्या जागी. जवळा आणून टाकते ती पाण्याची ओढ.

सुरमई तरणक, तिसऱ्या तलस्थ. कालवाचे मात्र कोडे आहे. त्याचे पिल्लू दोन-तीन आठवडे तरंगते आणि मग खडकाला चिकटते ते कायमचे.

उत्तरेला जवळच, वाढवण येथे, ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या बंदराची पायाभरणी झाली. त्यासाठी समुद्रात भराव घालायचा आहे. भराव पडू लागला, तर सुरमई दूर जाऊ शकेल. त्याखाली सापडलेल्या कालवाला व तिसऱ्यांना ती सोय नाही.