ग्रंथपाल व अध्यापक यांचें सहकार्य

ग्रंथालयांत ग्रंथ विपुल असले, म्हणजे विद्यार्थ्यास प्रमाण शोधतां येतेंच असें नाहीं. अमेरिकेंत इंडियाना राज्यांतील अर्लम कॉलेजाचे ग्रंथपाल (१९६२–१९९४) इव्हन फार्बर यांनीं ही उणीव जाणली. ग्रंथशोधनावर स्वतंत्र व्याख्यानें न देतां, अध्यापकानें निबंध नेमून दिला कीं त्याच वर्गांत ग्रंथपालानें त्या विषयाचीं साधनें कशीं शोधावीं व पारखावीं हें दाखवावें, अशी पद्धति त्यांनीं तेथें रूढ केली. तिचें मर्म आम्हांस असें दिसतें कीं, गरजेवांचून शिकविलेलें टिकत नाहीं. ती गरज अध्यापक उत्पन्न करतो, वाट ग्रंथपाल दाखवितो. अस्सल व नक्कल यांचा विवेक हा इतिहाससंशोधनाचा पाया होय. तो महाविद्यालयांतच, उभयतांच्या एकविचारानें घातला जावा, असें आमचें मत आहे.