स्लॅशर अडला, तर आधी चावी काढा

पाऊस सरला की आपल्या दिवेआगरच्या वाड्यांत गुडघ्याच्या वर रान माजलेलं असतं. पडलेला नारळ दिसत नाही आणि पाय टाकायचा तर सापाकिरडाची भीती. विळ्या-कोयत्यानं ते काढण्यात दिवस मोडतात, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टरचा स्लॅशर तासाच्या भाड्यानं आणतात. पोफळीच्या दाट वाडीत तो शिरत नाही, पण माडांच्या ओळींत साडेसात मीटरचं अंतर असेल तर छोट्या ट्रॅक्टरला वाट मिळते.

स्लॅशर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे जोडलेली लोखंडी पेटी. तिच्या पोटात जाड पाती आडवी गरगर फिरतात. ट्रॅक्टर चालवायला बहुतेक वेळा कुणी दादा असतात, पण आजूबाजूला झावळ्या ओढणाऱ्या, गवत गोळा करणाऱ्या आपणच. म्हणून आम्ही म्हणतो, हे मशीन आपल्यालाही कळायला हवं.

सगळ्यात आधी ओळखायचा तो पीटीओ शाफ्ट, म्हणजे ट्रॅक्टरची ताकद मशीनला देणारा फिरता दांडा. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. पाच सेंटिमीटर जाडीच्या दांड्यात पदर अडकला, तर एका सेकंदात जवळजवळ दीड मीटर कापड गुंडाळलं जातं. ‘बंद करा’ असं ओरडायलाही तेवढाच वेळ लागतो. म्हणून या दांड्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर फुटलेलं असेल, तर काम सुरूच करू द्यायचं नाही. पदर खोचलेला, ओढणी काढून ठेवलेली, केस बांधलेले, आणि दांड्याजवळ कुणीही जायचं नाही.

अपघात बहुतेकदा घडतो तो मशीन अडल्यावर. गवत अडकतं, कुणीतरी वाकून ओढायला जातं आणि इंजिन चालूच असतं. अशा वेळी चार गोष्टी याच क्रमानं करायच्या. पीटीओ बंद. इंजिन बंद. चावी काढून, ज्याचा हात मशीनमध्ये जाणार त्याच्याच खिशात. आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत वाट. पीटीओ बंद केला तरी पाती वेगामुळे काही वेळ फिरत राहतात. खाली बघायचं असेल तर उचललेल्या मशीनखाली जाड लाकडी ठोकळे लावा. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर आत हात घालू नका, आणि चिऱ्यावरही टेकवू नका. जांभ्याचा चिरा भाराखाली फुटू शकतो.

हे सगळ्यांना पटतं, पण तासाचं भाडं चालू असतं म्हणून घाई होते. यावर आमची सूचना अशी की भाडं ठरवतानाच बोलून घ्या: मशीन थांबवून साफ करायचा वेळ तासात धरायचा नाही. मग इंजिन बंद करायला कुणाचा हात आखडणार नाही.

काम सुरू करण्याआधी वाडीत एक फेरी मारा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथले माड आणि पोफळी मोठ्या प्रमाणावर पडले. काढायचे राहिलेले बुंधे गवतात लपलेले असू शकतात. गडग्याचे सुटलेले दगड, तार, पाण्याचे पाइप, जाळ्याचे नायलॉन दोर हेही बघा. जे निघतं ते काढा, बुंध्याजवळ काठी रोवून रंगीत फडकं बांधा. पात्याला लागलेला दगड शंभर मीटरपर्यंत उडू शकतो. म्हणून शेजारच्या घरी आधी सांगा, पोरंबाळं आणि गुरं लांब ठेवा. मशीनच्या कडेच्या साखळ्या किंवा पडदे हे दगड अडवायलाच असतात. ते तुटलेले चालणार नाहीत.

आता बिघाड कसे ओळखायचे ते बघू.

मशीन एकदम थरथरायला लागलं, तर एखादं पातं तुटलंय, वाकलंय किंवा त्याचा बोल्ट ढिला झालाय. लगेच थांबा. पातं बदलायचं तर सगळी पाती एकदम बदला. एक नवं आणि एक झिजलेलं असलं की तोल जातो.

गवत नीट कापलं जात नसेल, तर पाती बोथट आहेत, ट्रॅक्टर फार जोरात चाललाय किंवा गवत ओलं आहे. दव सुकल्यावर काम घ्या. पेटीची पुढची कड मागच्यापेक्षा एक-दोन सेंटिमीटर खाली हवी.

शिअर बोल्ट तुटला, तर तो त्याच्या कामालाच आला. पातं बुंध्यावर आपटलं की हा बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. त्याच्या जागी जाड खिळा किंवा सळईचा तुकडा घालू नका. कंपनीनं सांगितलेल्या मापाचेच दोन-तीन बोल्ट जवळ ठेवा.

गिअरबॉक्स तापला किंवा खालून तेल गळलं, तर पात्याच्या वरच्या दांड्याला दोर किंवा तार गुंडाळली आहे का बघा. तीच खालचं सील कापते. मेकॅनिकला दाखवल्याशिवाय पुढे चालवू नका.

राहिली निगा. आपल्याकडे खारा वारा आहे, लोखंड लवकर गंजतं. काम संपलं की पेटीच्या पोटातलं ओलं गवत खरवडा, गोड्या पाण्यानं धुवा, वाळवा. शाफ्टच्या सांध्यांना आठ-दहा तासांच्या कामानंतर ग्रीस द्या. पात्यांचे बोल्ट रोज आवळून बघा, गिअरबॉक्सचं तेल आठवड्यातून एकदा. ही कामंसुद्धा चावी काढूनच करायची.

आणि इतकं करूनही कुणी सापडलंच, तर आधी इंजिन बंद करा. दांडा इंजिननं उलटा फिरवायला जाऊ नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि १०८ ला फोन लावा.

गटाचा स्लॅशर असेल तर पेटीवर ऑइलपेंटनं ठळक लिहून घ्या: पीटीओ बंद, इंजिन बंद, चावी खिशात, पाती थांबू दे. भाड्याचा असेल तर हे चार शब्द आपण तोंडानं सांगायचे. वाडी आपली आहे, ‘दादा, आधी बंद करा’ म्हणायला संकोच कसला?