रोझीवर भिरकावलेला दगड आणि आपल्या लेकींचा हक्क



आपल्या वस्तीतील एखादी मुलगी बारावी होते, पार्लरचा कोर्स करते. तिच्या हाताला कसब असते. एके दिवशी जेवायला बसल्यावर ती म्हणते, "आई, मला सिनेमात मेकअपचे काम शिकायचे आहे." ताटावरचे हात थांबतात. वडील मान वर न करता म्हणतात, "ती लाईन चांगली नाही." विषय तिथेच मिटतो. मुलगी ताट उचलते आणि आत जाते.

वडिलांचे काळीज आपण समजू शकतो. पण एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. लाईन चांगली नाही, तर ती कोणी बिघडवली? तिथे राबणाऱ्या बायांनी, की त्यांना राबवून घेणाऱ्यांनी? आणि बिघडवणारे मोकळे फिरत असताना घरी बसण्याची शिक्षा आपल्या लेकीलाच का? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर आपल्याला थोडे दूर, केरळात जावे लागेल. तिथल्या पहिल्या नायिकेची कथा आपल्या घराघरात सांगितली गेली पाहिजे.

पहिली नायिका, पहिला दगड

तिचे नाव पी. के. रोझी. मूळ नाव राजम्मा. त्रिवेंद्रमजवळच्या एका गरीब पुलया कुटुंबात ती जन्मली. पुलया म्हणजे केरळातील शेतमजूर, अस्पृश्य मानला गेलेला समाज. याच समाजात थोर पुढारी अय्यनकाली झाले. पुलया स्त्रियांनी गळ्यात दगडी मण्यांच्या माळा घालाव्यात, अंगभर वस्त्र नेसू नये, असा तिथल्या सवर्णांचा दंडक होता. १९१५ साली कोल्लम येथे अय्यनकालींच्या पुढाकाराने भरलेल्या सभेत या स्त्रियांनी त्या माळा तोडून टाकल्या. पुढे डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबहिणींना सांगितले की, अस्पृश्यतेची खूण दाखवणारे लुगडे नेसणे आणि ते जडशीळ दागिने टाकून द्या, आणि बायांनी ते मनोभावे ऐकले. माळ तिकडे तुटली, गोठपाटल्या इकडे उतरल्या. दोन्हीकडे लढाई एकच होती. आमच्या देहावर तुमची खूण आम्ही बाळगणार नाही!

अशा काळात रोझी वाढली. गवत कापावे, मजुरी करावी आणि काक्कारिशी नावाच्या लोकनाट्यात काम करावे, असे तिचे जीवन. जे. सी. डॅनियल नावाच्या तरुणाने मल्याळम भाषकांचा पहिला चित्रपट काढायला घेतला, 'विगतकुमारन'. तो मूकपट होता. त्यात नायिकेचे काम रोझीला मिळाले. भूमिका होती सरोजिनी या नायर घराण्यातील स्त्रीची.

१९३० च्या सुमारास त्रिवेंद्रमच्या कॅपिटॉल थिएटरात हा चित्रपट लागला. पुलया जातीची बाई नायर स्त्री म्हणून पडद्यावर वावरते, नायक तिच्या केसातील फुलाचे चुंबन घेतो, हे पाहून सवर्ण प्रेक्षक खवळले. पडद्यावर दगड पडले. खेळ बंद पडला. ज्या चित्रपटाची ती नायिका, त्याच्या पहिल्या खेळाला रोझीला थिएटरात बसता आले नाही. जमाव तिच्या घरावर चालून गेला, घर जाळले असे सांगतात. रात्रीच्या अंधारात एका लॉरीत बसून ती तामिळ मुलखात पळाली. पुढे लॉरीचालकाशी लग्न करून नागरकोविलकडे राजम्माळ या नावाने तिने संसार केला. पुन्हा कधी ती पडद्यावर दिसली नाही. त्या चित्रपटाची प्रतही आज शिल्लक नाही.

विचार करा. तिने चोरी केली होती का? कोणाला फसवले होते का? तिचा गुन्हा एवढाच, की तिने काम केले आणि चांगले केले.

आपल्या मुलखातही

महाराष्ट्रात काय होते? १९१३ साली दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' या चित्रपटात तारामतीचे काम करायला एकही स्त्री मिळाली नाही. अण्णा साळुंके या पुरुषाने लुगडे नेसून ते केले. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई या पडद्यावर आल्या. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी या उद्योगासाठी दागिने दिले, फिल्मवर प्रक्रिया करण्याचे काम शिकून घेतले आणि सगळ्या मंडळींना रांधून वाढले. त्यांचे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? बाई पडद्यापुढे आली तर ती वाईट, पडद्यामागे राबली तर ती अदृश्य. दोन्हीकडून तोटा बाईचाच.

आमच्या समाजाचा अनुभव तर याहून कडू आहे. ज्या जातिव्यवस्थेने आमच्या बायांना शतकानुशतके देवाच्या नावाने सोडले, तमाशाच्या फडावर नाचवले, तिनेच त्यांना बदनाम ठरवले. जून १९३६ मध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी, आराधी यांच्यापुढे भाषण केले आणि हे लाजिरवाणे जिणे सोडा, असे कळकळीने सांगितले. या उपदेशाचा अर्थ काही घरांत असा लावला जातो की, कलेच्या वाटेलाच जाऊ नये. तसे नाही. बाबासाहेबांचा विरोध जातीने लादलेल्या बेइज्जतीला होता. स्वतः निवडलेले काम, त्याचा ठरलेला मोबदला आणि सन्मान, यासाठी तर त्यांनी आयुष्य वेचले. १९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. १९५१ साली हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिपदावर पाणी सोडले. बाईच्या हक्कासाठी खुर्ची सोडणारा असा मंत्री विरळाच!

कंगव्याची परवानगी, ब्रशला बंदी

आता मुंबईचे एक उदाहरण पाहू. ते आपल्या त्या पार्लरवाल्या मुलीच्या थेट कामाचे आहे. हिंदी-मराठी चित्रपटसृष्टीत काम करायचे तर संघटनेचे कार्ड लागते. रंगभूषा आणि केशभूषा करणाऱ्यांच्या मुंबईतील संघटनेत पन्नासहून अधिक वर्षे अलिखित-लिखित नियमच होता की, बाईला फक्त हेअरड्रेसरचे कार्ड मिळेल, मेकअपचे नाही. म्हणजे नटीचे केस विंचरायला बाई चालेल, पण त्याच नटीच्या चेहऱ्याला रंग लावायला पुरुषच हवा! कारण काय? बाया आल्या तर पुरुषांची रोजीरोटी जाईल.

चारू खुराना या मेकअप कलावतीला याच कारणावरून २००९ साली कार्ड नाकारले. परदेशात जाऊन तिने हे शिक्षण घेतले होते. ती गप्प बसली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा व उदय लळित यांनी ही बंदी घटनाविरोधी ठरवली. महाराष्ट्रात पाच वर्षे राहिल्याची अटही त्यांनी मोडीत काढली.

हा निकाल कशाच्या आधारावर लागला? बाबासाहेबांच्या संविधानाच्या! कायद्यापुढे सर्व समान, हे कलम १४. लिंगावरून भेदभाव नाही, हे कलम १५. कोणताही कायदेशीर व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य, हे कलम १९. समान कामाला समान वेतन, हे कलम ३९. ज्यांना संविधान केवळ आमचे वाटते, त्यांनी पाहावे की, ते प्रत्येक जातीच्या, प्रत्येक धर्माच्या कष्टकरी बाईच्या पाठीशी उभे आहे.

केरळच्या बायांनी तोंड उघडले

आता पुन्हा केरळात येऊ. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिथल्या एका नामवंत अभिनेत्रीवर चालत्या गाडीत अत्याचार झाला. तिने तोंड लपवले नाही, पोलिसात तक्रार केली. तिच्या पाठीशी चित्रपटात काम करणाऱ्या स्त्रिया एकत्र आल्या. संकलक बीना पॉल, दिग्दर्शिका अंजली मेनन, अभिनेत्री पार्वती अशा अनेकींनी 'वुमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह' ही संघटना उभी केली आणि मुख्यमंत्र्यांकडे चौकशीची मागणी केली. त्याच वर्षी निवृत्त न्यायमूर्ती के. हेमा, ज्येष्ठ अभिनेत्री शारदा आणि निवृत्त सनदी अधिकारी के. बी. वत्सलाकुमारी या तिघींची समिती नेमली गेली. ३१ डिसेंबर २०१९ रोजी समितीने अहवाल दिला, आणि सरकारने तो कपाटात ठेवला! माहिती अधिकाराखाली झगडावे लागले, तेव्हा कुठे १९ ऑगस्ट २०२४ रोजी, साडेचार वर्षांनी, काही पाने गाळून तो बाहेर आला.

त्या अहवालात काय आहे? काम हवे असेल तर 'तडजोड' करा, ही मागणी. लेखी करार नाही. नाही म्हटले की काम बंद. मूठभर बड्या पुरुषांचे राज्य. वर्तमानपत्रांनी ठळक छापले ते एवढेच. पण आमच्या वाचकांनी ध्यानात ठेवावी अशी गोष्ट वेगळीच आहे. बाहेरगावी चित्रीकरण असले की बायांना शौचालय नाही, कपडे बदलायला आडोसा नाही. म्हणून त्या दिवस दिवस पाणी पीत नाहीत, लघवी दाबून धरतात आणि त्यांना आजार जडतात. आणि ज्युनियर आर्टिस्ट म्हणजे गर्दीत उभ्या राहणाऱ्या बाया, त्यांची अवस्था तर विचारूच नका. धड खाणेपिणे नाही, आणि हक्काच्या मजुरीत मध्यस्थाचा हात.

भगिनींनो, हे वाचून तुम्हाला काही आठवले का? नाक्यावर उभी राहणारी बिगारी बाई, रस्ता झाडणारी सफाई कामगार, बारा घरची धुणीभांडी करणारी मोलकरीण, या सगळ्या पाणी न पिता दिवस काढतात की नाही? पडद्यावरचा झगमगाट बाजूला केला की सिनेमाचा सेट म्हणजेही एक कारखानाच. तिथेही मुकादम आहे, तिथेही ठेकेदार आहे आणि तिथेही सर्वांत शेवटी कष्टकरी बाईच आहे.

अहवालानंतर केरळात विशेष पोलीस पथक नेमले गेले, नटांच्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना राजीनामे द्यावे लागले. मात्र समितीपुढे बोललेल्या अनेक बाया पोलिसांपुढे पुन्हा बोलायला तयार झाल्या नाहीत आणि २०२५ मध्ये बरीच प्रकरणे बंद झाली. त्यांना भित्र्या म्हणू नये. ज्यांची भाकरी उद्या त्याच माणसांच्या हातात आहे, त्यांनी एकटीने किती लढावे? एकटी पडलेली बाई हरते, संघटित झालेली बाई टिकते. बाबासाहेबांच्या 'संघटित व्हा' या आदेशाचा अर्थ हाच नाही काय? त्याच २०२५ च्या ऑगस्टमध्ये नटांच्या त्या संघटनेच्या अध्यक्षपदी प्रथमच एक स्त्री, श्वेता मेनन, निवडून आली. काळ हळूहळू का होईना, पण सरकतो आहे.

हा कायदा तुमचाही आहे

मार्च २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याच स्त्रियांच्या अर्जावर सांगितले की, प्रत्येक चित्रपटाच्या युनिटमध्ये लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्यामागचा कायदा २०१३ चा आहे. त्याची मुळे १९९७ च्या विशाखा निकालात आहेत, आणि त्या निकालामागे उभी आहे राजस्थानातील भंवरीदेवी. कुंभार जातीची ही गरीब खेडूत बाई बालविवाह रोखायला गेली म्हणून १९९२ साली गावातल्या वरचढ जातींच्या पुरुषांनी तिच्यावर अत्याचार केला. आज मोठ्या कंपनीतील साहेबीण असो की चित्रपटाची नायिका, तिला मिळणारे संरक्षण एका मागास जातीच्या बाईच्या हिमतीतून आलेले आहे. हे आपल्या मुलांना सांगा.

या कायद्याच्या चार गोष्टी कागदावर लिहून घरात ठेवा. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. समितीची अध्यक्ष स्त्री असते आणि निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत करावी. योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने मुदत मिळू शकते. दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तुम्ही घरकाम करीत असाल, तर प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिच्याकडे जाता येते. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यास मदत करणे हे समितीचे कर्तव्य आहे.

आपण काय करावे?

२०१९ मध्ये केरळच्या त्या संघटनेने रोझीच्या नावाने फिल्म सोसायटी काढली. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने तिच्या नावाने चित्रपट महोत्सव भरू लागला. जिला एका रात्रीत गाव सोडावे लागले, तिचे नाव आज दाराच्या पाटीवर आहे. तिच्या हयातीत हे झाले नाही, याची खंत मात्र राहणारच.

तेव्हा पुढच्या वेळी आपली मुलगी ताटावर बसून तसे काही म्हणाली, तर "ती लाईन चांगली नाही" म्हणून तिचे तोंड बंद करू नका. तिला विचारा, कोणाकडे शिकणार आहेस? करार लेखी आहे का? रोज किती ठरला, कार्ड कोणते मिळणार, रात्री परत येण्याची सोय काय? तिथे तक्रार समिती आहे का? बापाने असे प्रश्न विचारले, तर मुलीच्या पाठीशी घर उभे आहे हे समोरच्यालाही कळते. आणि कधी ती घाबरून घरी आली, तर पहिला शब्द "तरी मी सांगत होतो" असा नसावा. "आम्ही आहोत" असा असावा. बुद्धाची करुणा याहून वेगळी काय असते?

रविवारी विहारात वंदना झाल्यावर महिला मंडळाने दहा मिनिटे काढावीत आणि रोझीची गोष्ट मुलींना सांगावी. मुलांनाही बसवावे. कारण पडद्यावर दगड भिरकावणारे हातही कुठल्या तरी घरातच वाढले होते.

जय भीम!