कोसळणाऱ्या वाऱ्याचा माग

वैशाखातली दुपार कलत आलेली असते. उकाड्याने जीव नकोसा झालेला असतो आणि पंख्याखालीही कपाळावरचा घाम सुकत नाही. एवढ्यात आभाळाची एक कड काळी पडते. लांबवर गडगडते. पाऊस अजून कोसभर दूर आहे असे वाटत असतानाच गार वाऱ्याचा एक झोत धावत येतो. धूळ उठते, पाचोळा भिंगरीसारखा फिरू लागतो, खिडक्यांची तावदाने आपटतात आणि स्वयंपाकघरातून हाक येते, ‘‘अगं, गच्चीवरचे कपडे काढा आधी!’’ पाच-दहा मिनिटांनी टपोरे थेंब पडू लागतात. वळीव आला!

हा अनुभव आपल्यापैकी प्रत्येकाचा आहे. पण पावसाच्या आधी येणारा तो गार वारा कुठून आला, असा प्रश्न आपल्याला क्वचितच पडतो. सगळा आसमंत तापलेला असताना एवढा गारवा आणला कोणी? वाचकांना नवल वाटेल, पण या साध्या प्रश्नाच्या उत्तरावर शेकडो विमानप्रवाशांचे प्राण अवलंबून होते. त्या उत्तराचा माग काढला अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाच्या हवामानशास्त्र विभागाने आणि त्या विभागात पुढे येऊन दाखल झालेल्या एका जपानी शिक्षकाने.

ढगांत घुसलेली विमाने

शिकागोच्या या विभागाचा पाया कार्ल-गुस्ताफ रॉस्बी या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९४० साली घातला. लगेच महायुद्धाचा वणवा अमेरिकेपर्यंत पोचला आणि सैन्याला हवेचा अंदाज सांगणारी माणसे शेकड्यांनी हवी झाली. विभागाने ती तयार करून दिली. युद्ध संपल्यावर रॉस्बी स्वीडनला परतले आणि विभागाची धुरा होरेस बायर्स यांच्याकडे आली.

बायर्स यांनी हाती घेतलेले काम धाडसाचे होते. गडगडाटी ढगाच्या पोटात नेमके काय चालते, हे तोपर्यंत कोणी नीट पाहिलेले नव्हते. वैमानिक तर अशा ढगापासून चार हात दूरच राहत. बायर्स आणि त्यांचे सहकारी रॉस्को ब्रॅहम यांनी युद्धातून मोकळी झालेली लढाऊ विमाने मिळवली आणि १९४६ साली फ्लॉरिडात व १९४७ साली ओहायोत ती सरळ ढगांत घुसवली. एकाच ढगात, एकाच वेळी, वेगवेगळ्या उंचीवर पाच-पाच विमाने! अशा हजाराहून अधिक फेऱ्या झाल्या.

त्यातून वादळी ढगाचे चरित्र हाती आले. पहिल्या अवस्थेत ढगात सगळीकडे वारा वर चढत असतो. दुसऱ्या अवस्थेत पाऊस सुरू होतो. पडणारे थेंब आपल्याबरोबर हवाही खाली ओढतात. त्यांतले काही थेंब वाटेतच सुकून वाफ होतात आणि हवा थंड करतात. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, तोच न्याय. थंड हवा जड असते. ती खाली कोसळते. नळाची धार मोरीच्या फरशीवर आपटून चहूकडे पसरावी, तशी ती जमिनीवर आपटून पसरते. तिसऱ्या अवस्थेत हा खाली येणारा वाराच सगळा ढग व्यापतो आणि ढग विरून जातो. वळवाच्या आधी आपल्या खिडक्या आपटणारा वारा म्हणजे फरशीवरून पसरत आलेले हेच ‘पाणी’!

कोकुरावरचे आभाळ

आता त्याच काळातल्या जपानकडे वळू. तेत्सुया फुजिता यांचा जन्म १९२० सालचा, क्यूशू बेटावरचा. महाविद्यालयात जायची वेळ आली तेव्हा त्यांचे मन हिरोशिमाकडे ओढत होते. पण वडिलांनी घराजवळच्या मेइजी तांत्रिक महाविद्यालयाचा आग्रह धरला. मुलाने ऐकले. पुढे तिथेच ते शिकवू लागले. या आग्रहामुळेच आपण वाचलो, असे ते पुढे सांगत.

दैवाने त्यांना दुसऱ्यांदा वाचवले ते ९ ऑगस्ट १९४५ रोजी. दुसरा अणुबॉम्ब घेऊन निघालेल्या अमेरिकन विमानाचे ठरलेले लक्ष्य होते कोकुरा शहर, फुजितांच्या महाविद्यालयापासून अवघ्या काही मैलांवरचे. त्या सकाळी शहरावर ढग आणि धूर यांचा पडदा पसरलेला होता. विमानाने तीनदा फेरी मारली, पण खालचे काही दिसेना. अखेर ते वळले आणि नागासाकीकडे गेले. कोकुरा वाचले, नागासाकी जळाले. एका शहराच्या आभाळाने दुसऱ्या शहराचे मरण ठरवले.

काही आठवड्यांनी चोवीस वर्षांचे फुजिता पाहणीसाठी नागासाकीला आणि हिरोशिमालाही गेले. तिथे जे दिसले त्याचे वर्णन करण्याचे हे ठिकाण नव्हे. पण त्या भयाण उजाडीतही त्यांची शोधक नजर काम करीत राहिली. स्मशानातल्या थडग्यांपुढे फुले ठेवायची बांबूची नळकांडी एकाच बाजूने भाजलेली होती. त्या डागांवरून स्फोट किती उंचीवर झाला असेल, याचा त्यांनी हिशेब केला. झाडांची मांडणीही त्यांनी मनात टिपून ठेवली. स्फोटाच्या बरोबर खालची झाडे उभीच होती, आणि सभोवारची झाडे केंद्रापासून बाहेरच्या दिशेने आडवी पडलेली होती, बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी. हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढून पुढे कधीच हलले नाही.

टोपलीतला कागद

१९४७ च्या ऑगस्टमध्ये सेबुरी नावाच्या डोंगरावरून गेलेल्या एका गडगडाटी वादळाचा फुजितांनी अभ्यास केला. हवेच्या दाबाचे आणि वाऱ्याचे आकडे, नकाशा आणि पेन्सिल एवढीच त्यांची सामग्री. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की वादळी ढगातून वारा खाली कोसळतो. स्थानिक श्रोत्यांना ते विशेष पटले नाही.

अशात एके दिवशी एक इंग्रजी निबंध त्यांच्या हाती आला. सेबुरीवर अमेरिकन सैन्याचे रडार-केंद्र होते. तिथल्या कचऱ्याच्या टोपलीत कोणीतरी तो फेकून दिला होता, आणि एका परिचिताने उचलून फुजितांना आणून दिला. निबंधाचा विषय होता गडगडाटी वादळ आणि लेखक होते होरेस बायर्स, शिकागो विद्यापीठ. फुजिता वाचत गेले आणि थक्क झाले. लढाऊ विमाने, रडार आणि सरकारी खजिना लावून जे शोधले जात होते, तेच त्यांना एका डोंगराच्या अंगाखांद्यावर, पदरमोड करून सापडले होते!

त्यांनी पैसे साठवून इंग्रजी टंकलेखन यंत्र घेतले, आपला निबंध मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतः टंकून काढला आणि शिकागोला पाठवला. युद्ध संपून अवघी पाच-सहा वर्षे झालेली. पाठवणारा हरलेल्या शत्रुराष्ट्रातला, नाव नसलेला शिक्षक. असा लखोटा बाजूला पडला असता, तरी कोणी बोल लावला नसता. बायर्स यांनी तो वाचला, त्याचे मोल ओळखले आणि उत्तर लिहिले. पुढे फुजितांना डॉक्टरेट मिळताच त्यांनी शिकागोचे आमंत्रण दिले. १९५३ साली फुजिता तिथे पोचले आणि अखेरपर्यंत तिथलेच झाले.

न पाहिलेल्या वादळाचे चरित्रकार

अमेरिकेत टोर्नॅडो नावाचे एक संकट आहे. ढगातून हत्तीच्या सोंडेसारखा फिरता वारा जमिनीवर उतरतो आणि वाटेत येईल ते उचकटून नेतो. १९५७ च्या जूनमध्ये फार्गो गावाला टोर्नॅडोने झोडपले. फुजितांनी गावकऱ्यांनी काढलेली शंभराहून अधिक छायाचित्रे गोळा केली, प्रत्येक कुठून आणि कधी काढले ते ठरवले आणि त्या वादळाचा क्षणाक्षणाचा इतिहास उभा केला. गुप्त पोलिसाने गुन्ह्याच्या जागी चाकोऱ्या आणि ठसे पाहावेत, तशी ही पद्धत.

१९७१ साली त्यांनी टोर्नॅडोची शून्य ते पाच अशी प्रतवारी सुचवली. छप्पर उडाले, भिंत पडली की घर पायापासून गेले, हे पाहून वाऱ्याचा वेग ठरवायचा. सुधारलेल्या रूपात तीच प्रतवारी आज चालते, आणि ती फुजितांच्याच नावाने ओळखली जाते. गंमत अशी, की ‘मिस्टर टोर्नॅडो’ म्हणून गाजलेल्या या गृहस्थांनी तोवर प्रत्यक्ष टोर्नॅडो एकदाही पाहिलेला नव्हता. त्यांच्या गाडीचा क्रमांकही होता टी एफ ००००! टोर्नॅडोचे पहिले दर्शन त्यांना घडले १९८२ च्या जूनमध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी.

१९७४ च्या एप्रिलमध्ये एका दिवसाच्या आत अमेरिकेत १४८ टोर्नॅडो उठले आणि तीनशेहून अधिक माणसे दगावली. फुजिता लहान विमानातून त्या पट्ट्यावरून फिरले. टोर्नॅडोत पडलेली झाडे पिळवटल्यासारखी, चक्राकार पडतात. पण वेस्ट व्हर्जिनियात बेक्लीजवळच्या रानात त्यांना वेगळेच काही दिसले. झाडे एका मध्यापासून बाहेरच्या बाजूंना पडली होती, चाकाच्या आऱ्यांसारखी. एकोणतीस वर्षांपूर्वीचे नागासाकी त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. इथे बॉम्ब पडला नव्हता. मग वरून काय आदळले होते?

एका मिनिटाचा घात

पुढच्याच वर्षी या प्रश्नाला रक्ताची किनार लागली. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर वादळ घोंगावत होते. न्यू ऑर्लिन्सहून आलेले एक जेट विमान उतरता उतरता धावपट्टीच्या अलीकडेच कोसळले. आतल्या १२४ माणसांपैकी ११३ गेली. नवल हे, की थोड्याच वेळापूर्वी इतर विमाने त्याच धावपट्टीवर सुखरूप उतरली होती.

विमान कंपनीने फुजितांना पाचारण केले. वैमानिकांची निवेदने आणि विमानांतल्या यंत्रांच्या नोंदी त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या. त्यांचा निष्कर्ष असा: ढगातून कोसळणारा वारा कधी कधी अगदी अरुंद जागेत, विलक्षण जोराने जमिनीवर आदळतो. त्याला त्यांनी ‘डाउनबर्स्ट’ म्हटले. चार किलोमीटरांहून लहान असेल तर ‘मायक्रोबर्स्ट’. त्याचे आयुष्य दोन ते पाच मिनिटांचे. म्हणूनच एक विमान सुखरूप उतरते आणि मागचे सापडते.

वैमानिकाचा घात कसा होतो पाहा. विमान खाली उतरत असते. आधी समोरून जोराचा वारा लागतो आणि विमान उचलल्यासारखे होते. वैमानिक साहजिकच यंत्राचा जोर कमी करतो. दुसऱ्या क्षणी वरून वारा दाबू लागतो. आणि तिसऱ्या क्षणी तोच वारा पाठीमागून येतो. पंखांना आधार देणारा वेग नाहीसा होतो. हे सारे मिनिटभरात घडते आणि जमीन तर हाताशी आलेली असते.

फुजितांच्या या म्हणण्यावर अनेक हवामानशास्त्रज्ञांनी नाके मुरडली. खाली येणारा वारा जमिनीजवळ एवढा प्रबळ राहूच शकत नाही, असे ते म्हणत. फुजिता आपले अहवाल विभागातूनच छापून काढत, परीक्षकांच्या हातून जाऊ देत नसत, हाही राग होताच. वाद घालण्याऐवजी फुजितांनी पुरावा शोधायचे ठरवले. १९७८ साली शिकागोजवळ त्यांनी तीन डॉप्लर रडार मांडले. हे रडार वारा कोणत्या दिशेने आणि किती वेगाने चालला आहे ते दाखवते. २९ मे रोजी पहिला मायक्रोबर्स्ट पडद्यावर पकडला गेला. त्या मोसमात पन्नासच्या आसपास सापडले. १९८२ साली डेन्व्हरजवळ, राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राच्या साथीने, आणखी १८६ सापडले. जे नाहीच म्हणत होते, ते घरोघरचे निघाले!

तरीही ज्ञान विमानतळावर पोचायला वेळ लागतो आणि त्या विलंबाची किंमत माणसेच मोजतात. १९८२ च्या जुलैत न्यू ऑर्लिन्सजवळ अशाच वाऱ्यात सापडून विमान पडले. १५३ माणसे गेली. १ ऑगस्ट १९८३ रोजी राष्ट्राध्यक्ष रीगन यांचे विमान वॉशिंग्टनजवळच्या अँड्र्यूज तळावर उतरले आणि अवघ्या सहा-सात मिनिटांनी तिथे ताशी २४० किलोमीटर वेगाचा मायक्रोबर्स्ट आदळला. २ ऑगस्ट १९८५ रोजी डलास इथे पुन्हा एक विमान पडले आणि १३७ जणांचा बळी गेला. आता मात्र हयगय उरली नाही. वैमानिकांना नव्याने शिकवण देण्यात आली: वारा उचलू लागला तर भुलू नका, पूर्ण जोर लावा आणि वर निघा. विमानांत इशारा देणारी यंत्रे बसली. १९९० नंतरच्या दशकात मोठ्या विमानतळांजवळ खास डॉप्लर रडार उभे राहिले. १९९४ साली शार्लट इथे ३७ माणसे दगावली. त्यानंतर मायक्रोबर्स्टमुळे अमेरिकेत प्रवासी विमानाचा मोठा अपघात झालेला नाही.

न लागलेली बातमी

फुजिता १९ नोव्हेंबर १९९८ रोजी शिकागोत वारले. हवामानशास्त्राला नोबेल पारितोषिक नसते, आणि न पडलेल्या विमानाची बातमी कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाही. सुखरूप घरी पोचलेल्या प्रवाशाला आपण कशातून वाचलो हे ठाऊकही नसते. असल्या कामाची कीर्ती गावी तरी कोणी?

पण या कथेतली मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट रडारही नव्हे आणि प्रतवारीही नव्हे. माणसाने माणसावर टाकलेल्या बॉम्बखाली एका तरुणाने जे पाहिले, त्याचाच उपयोग त्याने तीस वर्षांनी माणसे वाचवण्यासाठी केला, आणि तोही बॉम्ब टाकणाऱ्या देशातली माणसे. हे घडू शकले, कारण त्या देशातल्या एका विद्यापीठात एका विभागप्रमुखाने परक्याचे पत्र उघडले, वाचले आणि त्याला उत्तर दिले. विद्येचे घर म्हणतात ते याला.

पुढच्या वैशाखात तो गार वारा धावत येईल तेव्हा गच्चीवरचे कपडे अवश्य काढा, खिडक्या लावा. आणि वादळामुळे तुमचे विमान उतरायला उशीर लावून आभाळात घिरट्या घालू लागले, तर मात्र चडफडू नका. खाली कोणीतरी कोसळणाऱ्या वाऱ्याचा माग काढीत आहे, आणि तो कसा काढावा हे एका चाकाच्या आऱ्यांवरून शिकलेल्या माणसाने शिकवून ठेवले आहे.