भाव तोच, गिऱ्हाईक नाही

चर्चगेटहून सुटलेल्या विरार लोकलने दहिसर सोडले की मुंबई महानगरपालिकेची हद्द संपते आणि ठाणे जिल्हा लागतो. पुढचे स्टेशन मीरा रोड, त्यापुढे भाईंदर आणि मग वसईची खाडी. गाडीतल्या गर्दीला ही हद्द कधी गेली ते कळतही नाही. घर घ्यायला निघालेल्या माणसाला मात्र ती नेमकी कळते. दहिसरला जे पैसे वन आरकेला पुरत नाहीत, त्यात एक स्टेशन पुढे गेले की वन बीएचकेचा विचार करता येतो, आणि या एका हिशेबावर मीरा-भाईंदर हे शहर उभे राहिले.

1981च्या जनगणनेत इथली वस्ती जेमतेम 35 हजार होती. मिठागरे, भातखाचरे, उत्तनच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या होड्या आणि राई, मुर्धे, नवघर, काशी अशी गावे. 1991मध्ये आकडा पावणेदोन लाखांवर गेला, 2001मध्ये पाच लाख वीस हजारांवर आणि 2011मध्ये आठ लाख नऊ हजारांवर. ग्रामपंचायती जाऊन 1985 साली नगरपालिका आली, 28 फेब्रुवारी 2002 रोजी महानगरपालिका झाली. 1982च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या खोल्या विकून निघालेली कुटुंबे इथे आली. 1992-93च्या दंगलीनंतर मुंबईच्या मिश्र वस्त्यांतून बाहेर पडलेली मुसलमान कुटुंबे नयानगरात आली. भाईंदर पश्चिमेला गुजराती-मारवाडी व्यापारी स्थिरावले. मालिका-सिनेमात काम शोधणारी मुले तिघे-चौघे मिळून भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहू लागली. यातल्या बहुतेकांकडे शिलकीतली दौलत नव्हती. असलेले दागिने, प्रॉव्हिडंट फंडातली उचल आणि वीस वर्षांचे कर्ज, एवढ्यावर घर झाले.

म्हणून मंदीची चाहूल लागली की इथे दोन विरुद्ध सूर एकाच जिन्यात ऐकू येतात. भाड्याने राहणारा म्हणतो, आता तरी भाव उतरतील. शेजारचा मालक म्हणतो, उतरले तर आपले काय? गंमत अशी की बहुतेक वेळा दोघांचाही अंदाज चुकतो. भाव फारसा हलत नाही, व्यवहार तेवढे थांबतात.

एप्रिल 2020मध्ये, कोरोनाच्या टाळेबंदीच्या पहिल्या पूर्ण महिन्यात, मुंबई शहर-उपनगरात घरखरेदीची एकही नोंदणी झाली नाही. एरवी महिन्याला हजारो दस्त होणाऱ्या शहरात शून्य. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे मागणी शून्यावर आल्यावर किंमत कोसळायला हवी. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्याचे नवे रेडी रेकनर दर, म्हणजे मालमत्तेचे सरकारी मूल्य ठरवणारे दर, जाहीर झाले ते सरासरी 1.74 टक्के वाढलेले होते. मुंबईपुरती किंचित घट होती, अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

हा रेडी रेकनर सामान्य ग्राहकाला मुद्रांक शुल्काच्या वेळीच भेटतो, त्यामुळे त्याचा दुसरा परिणाम लक्षात येत नाही. समजा, एखाद्या फ्लॅटचे सरकारी मूल्य 60 लाख आहे आणि मालक पैशाच्या नडीमुळे तो 50 लाखांना द्यायला तयार आहे. मुद्रांक शुल्क तरी 60 लाखांवरच भरायचे. शिवाय आयकर खाते म्हणते की दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल, तर विकणाऱ्याला 60 लाख मिळाले असेच धरू आणि घेणाऱ्याच्या उत्पन्नात वरचे दहा लाख मिळवू. स्वस्तात विकल्याचा दंड दोघांनाही! ही सवलतीची मर्यादा आधी पाच टक्के होती, 2020च्या अर्थसंकल्पात दहा झाली. नोव्हेंबर 2020मध्ये केंद्राने बिल्डरकडून पहिल्यांदाच विकल्या जाणाऱ्या, दोन कोटींपर्यंतच्या घरांसाठी ती वीस टक्के केली, तीही 30 जून 2021पर्यंतच. भाव कमी करायला खुद्द सरकारची मुभा लागते, हे त्या निमित्ताने उघड झाले.

बिल्डरची अडचण वेगळी. त्याने अर्धवट इमारतीवर कर्ज काढलेले असते आणि ते कर्ज न विकलेल्या फ्लॅटच्या भावावर बेतलेले असते. त्याने उघडपणे चौरस फुटामागे हजार रुपये उतरवले, तर सावकार तारण कमी पडले म्हणून विचारणार आणि आधी बुकिंग केलेले ग्राहक दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन बसणार. मग तो फलकावरचा दर तसाच ठेवतो आणि आतून देतो. स्टॅम्प ड्युटी आमची, मॉड्युलर किचन फुकट, वरच्या मजल्याचे जादा पैसे नाहीत, ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू. यातली शेवटची योजना सर्वांत घातक निघाली. बिल्डरचे पैसे संपले की तो हप्ता थांबवतो, पण कर्ज ग्राहकाच्याच नावावर असते. 2019च्या जुलैमध्ये राष्ट्रीय आवास बँकेने गृहकर्ज कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितले. तोवर अनेक ठिकाणी व्हायचे ते होऊन गेले होते.

मीरा रोडच्या जुन्या रहिवाशांना भावाचे भांडण नवीन नाही. शांतीनगर उभारणाऱ्या शांतीस्टार बिल्डर्सचे प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले होते. नागरी कमाल जमीन धारणा कायद्यातून जमिनीला सूट मिळाली होती ती दुर्बल घटकांसाठी घरे बांधण्याच्या अटीवर. पुढे बांधकामाचा खर्च वाढला म्हणून वाढीव किंमत मागितली गेली आणि वाद पेटला. 31 जानेवारी 1990च्या निकालात न्यायमूर्ती रंगनाथ मिश्र यांच्या खंडपीठाने जगण्याच्या हक्कात राहण्याजोग्या निवाऱ्याचाही समावेश होतो असे मानले. घराच्या हक्कावर कुठेही वाद झाला की या खटल्याचा दाखला आजही दिला जातो. मीरा रोडच्या नव्या पिढीला मात्र शांतीनगर म्हटले की सेक्टर, रिक्षा स्टँड आणि बाजार एवढेच आठवते.

मुंबई परिसरात भाव खरोखर पडल्याचे उदाहरण शोधायचे तर नव्वदच्या दशकात जावे लागते. 1995च्या सुमारास बाजार शिखरावर होता. त्यानंतरची उतरण 2002-03पर्यंत रेंगाळली. ज्यांनी शिखरावर घेतले त्यांचा भाव परत यायला दशक गेले, आणि त्यांनी घेतले तेव्हा गृहकर्जाचे व्याज पंधरा टक्क्यांच्या घरात होते. 2008ची मंदी याच्या अगदी उलट निघाली. लेहमन ब्रदर्स सप्टेंबरमध्ये बुडाली, रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2008 ते एप्रिल 2009 या काळात रेपो दर नऊ टक्क्यांवरून पावणेपाचपर्यंत आणला, सरकारी बँकांनी वीस लाखांपर्यंतच्या कर्जांना जास्तीत जास्त सव्वानऊ टक्के व्याजाची खास योजना काढली. वीस लाखांपर्यंतचे कर्ज म्हणजे त्या काळी मीरा-भाईंदरचाच ग्राहक. बाजार लवकर सावरला, आणि भाव पडेपर्यंत थांबू म्हणणारे थांबूनच राहिले.

2020मध्ये सरकारने दुसरी किल्ली फिरवली. 1 सप्टेंबरपासून वर्षअखेरीपर्यंत मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी आणि पुढचे तीन महिने दोन टक्क्यांनी कमी केले. पन्नास लाखांच्या घरावर तीन टक्के म्हणजे दीड लाख रुपये, म्हणजे दोन-तीन वर्षांचा सोसायटीचा मेंटेनन्स. डिसेंबरात दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांत मास्क लावलेली माणसे रांगेत उभी राहिली. याचा फायदा अर्थात ज्याची नोकरी टिकली होती त्याला झाला.

ज्याची टिकली नव्हती त्याच्यासाठी हप्ते पुढे ढकलण्याची सवलत होती, मार्च ते ऑगस्ट अशी सहा महिन्यांची. हप्ता माफ झाला असे अनेकांना वाटले. हिशेब मांडून पाहावा: तीस लाखांचे नवे कर्ज, वीस वर्षे, साडेआठ टक्के व्याज, हप्ता सुमारे 26 हजार. सहा महिने हप्ता भरला नाही तर सव्वा लाखावर व्याज मुद्दलात चढते. पुढे हप्ता तेवढाच ठेवला तर 240 हप्त्यांच्या जागी सुमारे 270 भरावे लागतात. सहा महिन्यांच्या उसंतीची किंमत अडीच वर्षे. व्याजावरचे व्याज सरकारने नंतर परत केले, त्याच्या बातम्याही मोठ्या झाल्या; या उदाहरणात ती रक्कम दोन-अडीच हजारांची भरते.

मंदीची खरी झळ दिसते ती सोसायटीच्या ऑफिसात, आणि अर्थमंत्र्यांच्या भाषणात तिचा उल्लेख कधी येत नाही. माणूस बँकेचा हप्ता शेवटपर्यंत चुकवत नाही, कारण बँक दारात येते. मेंटेनन्स मात्र थकवता येतो. चाळीस फ्लॅटच्या इमारतीत दहा जणांनी तो थकवला की लिफ्टचे वार्षिक कंत्राट लांबते, वॉचमन दोनाचा एक होतो, गच्चीची गळती पुढच्या पावसाळ्यावर जाते. उपविधींप्रमाणे थकबाकीवर व्याज लावता येते, वसुलीचा दाखला मिळवून जप्तीपर्यंतही जाता येते. पण ज्याच्या मुलाच्या मुंजीत किंवा अकीक्याला आपण जेवून आलो, त्याच्यावर जप्ती आणायची कोणी? सेक्रेटरी नोटीस लावतात, आणि नोटिशीत फ्लॅट नंबर लिहायचा की नाही यावर कमिटीत तास जातो.

त्यात पाण्याचा खर्च. शहराला स्टेम प्राधिकरण आणि एमआयडीसीकडून येणारे पाणी वस्तीच्या मानाने कायम अपुरे. एके काळी तर नव्या नळजोडण्याच बंद होत्या आणि नव्या इमारतींचे संसार टँकरवर चालत. सूर्या धरणाच्या प्रादेशिक योजनेत मीरा-भाईंदरच्या वाट्याला दिवसाला 21 कोटी 80 लाख लिटर पाणी ठरले; जाहिरातींत ते नळाला येण्याच्या कितीतरी आधीपासून येऊ लागले. मेट्रोचेही तेच. दहिसर ते भाईंदर मार्ग क्रमांक नऊचे काम 2019पासून चालले आणि चाचणी धाव झाली मे 2025मध्ये. मधल्या सगळ्या वर्षांत फ्लॅट विकताना दलालाने मेट्रोचा भाव आधीच धरलेला. कारशेडला राई-मुर्धेच्या ग्रामस्थांनी विरोध केला, मग ती डोंगरीकडे सरकली आणि तिथे झाडांचा प्रश्न उभा राहिला. चौरस फुटाच्या दरात या गावांचा हिशेब कोणी धरत नाही.

भाडेकरूंच्या बाजारात मंदी चटकन उतरते, कारण तिथे रेडी रेकनर आडवा येत नाही. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडे कमी करून मागता येते, नाहीतर सामान उचलता येते. 2020मध्ये शूटिंग बंद पडली तेव्हा होतकरू कलाकार गावी गेले आणि रिकामे फ्लॅट तसेच राहिले. ‘हेवी डिपॉझिट’ घेणारे मालक यात अडकले. या पद्धतीत दरमहा भाडे नसते. काही लाख एकरकमी घ्यायचे आणि करार संपल्यावर परत करायचे. मालकाने ते पैसे आधीच धंद्यात किंवा दुसऱ्या बुकिंगमध्ये घातलेले असतात. नवा भाडेकरू मिळाला तरच जुन्याची रक्कम फिटते. नवा मिळाला नाही की जुना घर सोडायला तयार होत नाही, आणि दोघांचेही खरे असते.

सर्वांत अवघड जागी आहेत ते ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या इमारतींचे रहिवासी. खाऱ्या हवेने पिलर फुगले, स्लॅबच्या सळया उघड्या पडल्या, पावसाळ्यापूर्वी महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी निघते. पुनर्विकास हाच उपाय. पण अनेकांकडे भोगवटा प्रमाणपत्र नाही आणि जमीन सोसायटीच्या नावावर झालेली नाही. जमिनीचा घोळ तर ब्रिटिश काळापासूनचा आहे. 1870 साली खारे पाणी अडवण्यासाठी इथली मोठी जमीन 999 वर्षांच्या पट्ट्याने दिली गेली आणि त्या पट्ट्यावरचा दावा आजच्या फ्लॅटधारकांच्या कागदांपर्यंत येऊन पोहोचला. एवढे सगळे पार करून बिल्डर मिळाला, घर रिकामे केले आणि मग मंदी आली, तर पर्यायी भाड्याचा चेक थांबतो. तेव्हा म्हाताऱ्या माणसांना मुलीकडे किंवा विरारपलीकडे जावे लागते.

झोपडपट्टीतल्यांची गत निराळी नाही. काशिमिऱ्याच्या जनतानगर-काशीचर्च भागात केंद्राच्या बीएसयूपी योजनेतून चार हजारांहून जास्त घरे बांधायची ठरली. 2009च्या सुमारास मंजूर झालेल्या या कामातली बरीचशी घरे दशक उलटले तरी तयार नव्हती आणि माणसे संक्रमण शिबिरांत होती.

1 मे 2017पासून गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणारे महारेरा प्राधिकरण आहे, ग्राहकांचे सत्तर टक्के पैसे त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवण्याची सक्ती आहे, आणि त्याने फरक पडला यात शंका नाही. तरी 2020मध्ये महारेरानेच प्रकल्पांना सहा महिन्यांची मुदतवाढ दिली. मजूर गावी गेलेले, सिमेंट येत नव्हते. दुसरा मार्गही नव्हता. पण भाडे आणि हप्ता दोन्ही भरणाऱ्या ग्राहकाला बँकेकडून व्याजाची सूट मिळाली नाही.

शेजारचा फ्लॅट खरोखर कितीला गेला, हे आता निदान शोधता येते. राज्याच्या नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू पाहता येतो, आणि सोसायटीतली कॉलेजात जाणारी मुले तो घरच्यांना काढून दाखवतात. त्यात कराराची रक्कम असते, मुद्रांक शुल्क असते, चौरस मीटर असतात. बिल्डरने दिलेले किचन, माफ केलेले पार्किंग आणि भरलेली स्टॅम्प ड्युटी त्यात कुठेच नसते.